पिस्टनच्या पोटावर तेलाची धार

देवगडला जून लागला की बोटी पाण्याबाहेर येतात आणि इंजिनं बोटींबाहेर. पावसाळी बंदीचे ते दोन महिने म्हणजे मिस्त्री लोकांची सुगी. यंदा माझ्या भाच्याच्या ट्रॉलरचं सहा सिलिंडरचं इंजिन उघडलं. मार्चमध्ये ऐन जाळं ओढताना चार नंबरच्या पिस्टनने धरलं होतं, म्हणजे तो सिलिंडरमध्ये जाम झाला होता, आणि दुसऱ्या बोटीच्या दोराला बांधून त्याला बंदरात यावं लागलं होतं. हेड काढलं, चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) काढला, तो पिस्टन लाकडाचा ठोकळा लावून ठोकत ठोकत बाहेर काढला आणि बाकावर उलटा ठेवला.

बहुतेक जण पिस्टनचं डोकं बघतात. मी आधी पोट बघतो. आयटीआयत डिझेल मेकॅनिकच्या पोरांना शिकवताना लागलेली खोड. डोक्यावर आग पेटते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ती उष्णता पुढे कुठे गेली, की कुठेच गेली नाही, हे पोटाच्या रंगावरून कळतं. चांगल्या पिस्टनचं पोट काकवीच्या रंगाचं, तेलकट, पुसलं की खालचा धातू दाखवणारं असतं. या पिस्टनच्या पोटावर तव्याच्या बुडासारखी काजळी चढली होती आणि नखाने खरवडल्यावर तिच्या खपल्या निघत होत्या. बाजूचे पिस्टन तितके नाही, पण त्याच वाटेवर.

भाचा म्हणाला, "मामा, नव्या इंजिनात तेलाचे जेट येतत ना, ते आपल्या ब्लॉकाक बसवया. सहा भोकां पाडली काय काम झाला."

ब्लॉक म्हणजे सगळे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, आणि जेट म्हणजे पिस्टनच्या पोटावर तेलाची धार मारणारी नळी. भोकं पाडणं हा त्या कामातला सोपा भाग. बाकीचं त्याला समजावता समजावता आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. तेच इथे लिहितो.

ताप जातो कुठे

सिलिंडरमध्ये डिझेल जळतं तेव्हा ज्वाळेचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. पिस्टन मात्र अ‍ॅल्युमिनियमचा. त्यात साधारण १२ टक्के सिलिकॉन मिसळलेलं असतं आणि हा मिश्रधातू ५७५ अंशांच्या आसपास वितळू लागतो. तरी तो रोज वितळत नाही, कारण ज्वाळा क्षणभराची असते. १८०० आरपीएमवर (मिनिटाला १८०० फेरे) एका सिलिंडरमध्ये सेकंदाला १५ वेळा पेट होतो आणि दोन पेटांच्या मधे बाहेरची हवा आत येऊन जाते. या सगळ्याची सरासरी होऊन भाराखाली पिस्टनचं डोकं ३०० ते ३५० अंशांवर स्थिरावतं.

वितळण्यापासून हे अजून लांब आहे. पण वैशाखात डब्यातला गूळ कुठे वितळतो? नुसतं बोट लावलं की दबतो. अ‍ॅल्युमिनियमचं तसंच आहे. २५० ते ३०० अंशांपर्यंत पोचताना त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी वरून पेटाचा दणका बसत असतो.

आता हा ताप उतरतो कसा ते बघा. पिस्टन कशालाच घट्ट बांधलेला नसतो, तेलाच्या पातळ थरावर वरखाली पळत असतो. त्यामुळे उष्णतेला बाहेर जायच्या वाटा मोजक्याच. निम्म्याहून अधिक उष्णता रिंगांमधून (पिस्टनभोवतीच्या कड्यांमधून) लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, आणि लायनरमधून पाण्याला मिळते, त्यातही वरची रिंग सगळ्यात मोठा वाटा उचलते. थोडी स्कर्टमधून (पिस्टनचा खालचा घेर), थोडी गजन पिनेतून, म्हणजे पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या खिळीतून, कनेक्टिंग रॉडकडे. उरलेली पोटावर उडणारं तेल घेऊन जातं. क्रँक (पिस्टनच्या वरखालीने फिरणारा खालचा दांडा) फिरताना बेअरिंगांच्या कडांतून तेल उडत असतं, त्यातलं जे पिस्टनच्या पोटाला लागेल तेवढंच. जुन्या बिनटर्बोच्या इंजिनांना हे पुरायचं (टर्बो म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणारं यंत्र).

दुखणं सुरू होतं वरच्या रिंगेच्या खाचेत. ही खाच २४०-२५० अंशांच्या पुढे गेली की तिथलं तेल आधी लाखेसारखं चिकट होतं, मग त्याचा कोळसा होतो. रिंग खाचेत अडकते आणि लायनरला नीट टेकत नाही. टेकली नाही म्हणजे उष्णता पोचवली नाही, म्हणजे पिस्टन आणखी तापला, म्हणजे आणखी कोळसा. वरचा गरम वायू रिंगांच्या बाजूने खाली उतरू लागतो. गॅरेजात याला 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय' म्हणतात. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धुराचे भपके येतात ते हेच. हा वायू उतरताना लायनरवरचं तेल पुसून नेतो. इकडे तापलेलं अ‍ॅल्युमिनियम फुगतं आणि लायनरचं बीड मात्र तेवढ्याच तापाला त्याच्या निम्म्यानेच फुगतं. मधली फट संपते. धरलं.

ट्रॉलरला गगनबावडा लागत नाही

"ट्रकात ह्याच इंजिन वर्सानुवर्सा चालता मा?" हा भाच्याचा प्रश्न. रास्त होता.

मे महिन्यात हापूसच्या पेट्यांनी भरलेला ट्रक करूळ घाट चढतो तेव्हा त्याच्या इंजिनावर पूर्ण भार असतो. पण किती वेळ? गगनबावडा आला की सुटला. पुढे कोल्हापूरपर्यंत चढउतार, वळणं, ब्रेक, चहाला थांबा; प्रत्येक वेळी पिस्टनला श्वास मिळतो. ट्रॉलरने जाळं पाण्यात सोडलं की तीन-तीन, चार-चार तास तो तीन-चार नॉटने जाळं ओढत राहतो. बोट संथ दिसते, पण इंजिन पूर्ण भाराला, एकाच आरपीएमवर उभं असतं. घाट सुरू होतो आणि संपतच नाही. म्हणून तर कंपन्या एकाच इंजिनाची अश्वशक्ती ट्रकासाठी एक आणि सतत ओढण्याच्या कामासाठी त्याहून कमी, अशी वेगवेगळी देतात. तो दुसरा आकडा आपल्याकडे कोणी वाचत नाही हे सोडा.

त्यात भाच्याने दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजात याच इंजिनाला टर्बो चढवून घेतला आणि डिझेल पंपातून सुटणारं डिझेल वाढवून घेतलं. पिस्टन तेच, बिनटर्बोचे. जास्त डिझेल म्हणजे जास्त ओढ हे त्याला जाळ्यात दिसलं. जास्त डिझेल म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर जास्त उष्णता, आणि तिला उतरायला वाटा पूर्वीच्याच, हे चार नंबरमध्ये दिसलं.

धार कशी काम करते

तेलाचा जेट ही दिसायला क्षुल्लक वस्तू आहे. ब्लॉकमधून तेलाची मुख्य वाहिनी लांबीभर जाते, तिला मेन गॅलरी म्हणतात. तिला क्रँकच्या बाजूने एक आटे पाडलेलं भोक असतं, त्यात पोकळ बोल्ट, आणि बोल्टाखाली वाकवलेली बारीक नळी. नळीचं तोंड वर, पिस्टनच्या पोटाकडे. तोंडाचा व्यास दीड ते अडीच मिलिमीटर. बोल्टात स्प्रिंग आणि गोळीचा छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याच्याकडे नंतर येतो.

तेलाचं प्रेशर तीन किलो असेल (गॅरेजातला किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) तर या तोंडातून धार सेकंदाला २५ मीटरच्या आसपास वेगाने निघते. म्हणजे ताशी ९० किलोमीटर. एवढा वेग कशाला, तर ज्याला भिजवायचं तो स्वतःच पळतो आहे. आमच्या इंजिनाचा स्ट्रोक १२० मिलिमीटर. १८०० आरपीएमवर पिस्टनचा सर्वाधिक वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर येतो. २५ची धार १२च्या पिस्टनला वर जातानाही गाठते. प्रेशर अर्ध्या किलोवर आलं तर धारेचा वेग १०-११ मीटर उरतो आणि वर जाणारा पिस्टन धारेला मागे टाकून निघून जातो. जेट आहे, तेल उडतंय, आणि पोट अर्धा वेळ कोरडं. प्रेशर कमी झालं की धार 'थोडी कमी' काम करते असं नव्हे. एका मर्यादेखाली ती कामातून जाते.

आता साध्या पिस्टनच्या पोटावर धार मारली तर वरच्या खाचेचं तापमान ढोबळमानाने १० ते ३० अंशांनी उतरतं. ऐकायला फार वाटत नाही. पण २६० वर असलेली खाच २४० वर येणं म्हणजे तेलाचा कोळसा होणं आणि न होणं यातला फरक.

याहून जास्त हवं असेल तर पिस्टनच्या आतच, रिंगांच्या मागे, एक पोकळ कडं ठेवतात. त्यालाही गॅलरीच म्हणतात. धार पोटावरच्या एका भोकातून या कड्यात शिरते, फिरते आणि दुसऱ्या भोकातून खाली पडते. ओतीव पिस्टनमध्ये हे पोकळ कडं करतात कसं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो होतो: मिठाने. मिठाचं घट्ट दाबलेलं कडं साच्यात ठेवतात, भोवती अ‍ॅल्युमिनियम ओततात, थंड झाल्यावर भोकातून पाणी मारून मीठ विरघळवून टाकतात. अ‍ॅल्युमिनियम ओततानाच्या उष्णतेला मीठ वितळत नाही, त्याला ८०० अंश लागतात. शिरोड्याच्या मिठागरांजवळ वाढलेल्या माणसालाही मिठाचा हा उपयोग सुचला नसता.

या कड्यात तेल गच्च भरलेलं नको असतं. नारळ घेताना आपण कानाशी हलवून बघतो. शहाळं वाजत नाही, कारण ते पाण्याने तुडुंब भरलेलं असतं. पिकला नारळ खळखळतो, कारण आतलं पाणी कमी होऊन त्याला हलायला जागा झालेली असते. पिस्टनला हा खळखळणारा नारळ हवा. कड्यात निम्म्याच्या आसपास तेल असलं की पिस्टनच्या प्रत्येक हेलकाव्याला ते वर आपटतं, खाली आपटतं, आणि दर आपटण्याला भिंतीची उष्णता उचलतं. तुडुंब भरलं तर तसं घुसळलं जात नाही.

आणि एक धोका. गॅलरीचा पिस्टन बसवला आणि जेट चुकला, तुंबला किंवा बसवलाच नाही, तर ती रिकामी पोकळी थर्मासच्या भिंतीसारखी आडवी येते. उष्णतेची जी वाट साध्या पिस्टनमध्ये सलग धातूची होती तिथे आता हवा आहे. जेटविना गॅलरीचा पिस्टन साध्या पिस्टनपेक्षा वाईट. 'टर्बोचे भारी पिस्टन टाकले, आता काळजी नाही' असं ऐकलं की मी आधी जेटची चौकशी करतो.

पाटाचं पाणी

दुसऱ्या संध्याकाळी भाच्याने स्वतःच मुद्द्याला हात घातला. "मामा, सगळा तेल वर मारला तर खाली बेरिंगाक काय रवतला?"

माड-पोफळीच्या बागेत पाट फिरवणाऱ्या घरातला तो, त्याला हे वेगळं सांगायला लागलं नाही. वरच्या अंगाला सहा नवी तोंडं फोडली तर शेवटच्या आळ्यापर्यंत पाणी पोचेलच असं नाही. मेन गॅलरी हा इंजिनाचा पाट. मेन बेअरिंग, बिग एंड, कॅम, रॉकर, टर्बोचं बेअरिंग, सगळे त्याच पाटावर.

किती तेल जाईल याचा हिशोब करता येतो. दोन मिलिमीटरचं तोंड, तीन किलो प्रेशर: एका जेटमधून मिनिटाला पावणेचार लिटरच्या आसपास. सहा जेटांचं २२ लिटर. म्हणजे १५ लिटरची बादली ४० सेकंदांत. हे तेल जुन्या पंपाने कुठून आणायचं? पंप गरजेपेक्षा थोडं जास्त तेल उपसतो आणि जास्तीचं रिलीफ व्हॉल्व्हमधून परत चेंबरात सांडतं. सांडणारं तेल २२ लिटरपेक्षा जास्त असेल तर जेट फुकटात चालतील. नसेल तर बेअरिंगांच्या वाट्यातून जाईल.

आणि इथेच तो स्प्रिंग-गोळीचा व्हॉल्व्ह. तो दीड-दोन किलोच्या खाली जेट बंद ठेवतो. जाळं वर घेताना इंजिन बराच वेळ स्लोला असतं, तेल तापून पातळ झालेलं असतं, पंप हळू फिरतो, प्रेशर एक-सव्वा किलोवर येतं. अशा वेळी पिस्टनला धारेची गरज नसते, भारच नसतो. पण बेअरिंगांना तेवढं प्रेशर लागतंच. व्हॉल्व्ह त्या वेळी पाटाची तोंडं बंद करतो. काही इंजिनांत जेट गॅलरीत न बसवता मेन बेअरिंगच्या बैठकीतून बारीक भोक पाडून काढलेले असतात, त्यांना सहसा व्हॉल्व्ह नसतो आणि ते कायम वाहतात. कारखान्याने पंप त्या हिशोबाने दिलेला असतो, म्हणून तिथे चालतं. बिनव्हॉल्व्हची नळी आपण आपल्या ब्लॉकला लावणं हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो, आणि असं काम केलेलं इंजिन मी पाहिलेलं आहे. स्लोला त्याचा ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकायचा आणि मालक म्हणायचा की दिवाच खराब आहे.

बीड, बुरादा आणि घाटावरची वारी

आमच्या नशिबाने या इंजिनाचं टर्बोचं भावंड कंपनीच बनवते आणि दोघांचा ब्लॉक एकाच साच्यातून निघतो. चेंबर काढून आतून बघितलं तर गॅलरीच्या बाजूला प्रत्येक सिलिंडरसमोर एकेक जाड उंचवटा होता, भोक न पाडलेला. टर्बोच्या ब्लॉकमध्ये तिथेच जेट असतो. हे उंचवटे नसते तर मी तिथेच नाही म्हटलं असतं. नुसत्या भिंतीत भोक पाडायला जावं तर पलीकडे गॅलरी आहे की पाण्याचं जॅकेट हे बाहेरून कळत नाही, आणि बिडाची भिंत सगळीकडे सारखी जाड नसते. उंचवटे असूनही आम्ही पोलादी बोटींच्या पत्र्याची जाडी तपासतात तो अल्ट्रासॉनिक मीटर लावून प्रत्येक जागा मोजली.

इतरांना सांगायचं तर, भंगारात किंवा जुन्या बाजारात जेटवाला टर्बोचा ब्लॉक धड अवस्थेत मिळत असेल तर तोच घ्यावा. आम्हाला दोन महिन्यांत मिळाला नाही.

हातातल्या ड्रिलने हे काम होत नाही. भोक तिरकं गेलं तर जेट तिरका बसतो. ब्लॉक टेम्पोत घालून करूळमार्गे कोल्हापूरला, शिरोली एमआयडीसीत नेला. तिथे असले ब्लॉक बोअर करणाऱ्यांना यात नवल नव्हतं. मशीनवर सहा भोकं, आटे, आणि बोल्टाच्या वॉशरला बसायला सपाट तोंडं, सगळं एका दिवसात.

परत आल्यावर मात्र दोन दिवस धुण्यात गेले, आणि सगळ्या कामात मला जास्त जपावंसं वाटतं ते इथे. बीड कापलं की त्याच्या लांब साली निघत नाहीत, काळी पूड निघते. टॅपला ग्रीस लावलं तरी थोडी पूड गॅलरीत जातेच. ही गॅलरी थेट बेअरिंगांना जाते, मधे फिल्टर नाही. फिल्टर तिच्या आधी संपला. म्हणून गॅलरीच्या दोन्ही टोकांचे प्लग काढायचे, लांब दांड्याचा ब्रश आरपार घालायचा, डिझेल, मग गरम पाणी आणि साबण, मग हवा, मग पुन्हा ब्रश. मेन बेअरिंगांकडे जाणारी प्रत्येक आडवी वाट वेगळी. शेवटी पांढरं फडकं तारेला गुंडाळून ओढायचं आणि ते करडं निघालं तर सगळं पहिल्यापासून. आमचं फडकं चौथ्या वेळेला पांढरं निघालं. भाचा तोपर्यंत माझ्याशी बोलायचा बंद झाला होता.

दोरी हवी, फवारा नको

जेट बसवून क्रँक, रॉड आणि टर्बोच्या भावंडाचे गॅलरीचे पिस्टन चढवले. आधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि प्रत्येक नळीपाशी डोळा ठेवायचा: रॉड लागतो का, क्रँकचं वजन लागतं का, पिस्टन सगळ्यात खाली आला की स्कर्टची कड लागते का. टर्बोच्या पिस्टनला नळीसाठी स्कर्टमध्ये खोबण असते. पिस्टन उलट्या तोंडाने बसला तर ती खोबण भलत्या बाजूला जाते आणि पहिल्याच फेऱ्यात नळी चिरडते.

मग नेम. नळीच्या तोंडापासून पिस्टनचं भोक आमच्या इंजिनात सर्वात दूर असताना १५० मिलिमीटरच्या आसपास आहे. नळी एक अंश वाकडी असेल तर धार तिथे अडीच मिलिमीटर सरकते. दोन अंशांत पाच. भोकच बोटाच्या पेराएवढं, तेव्हा धार बाहेर. ती पोटाला लागेल, पण कड्यात जाणार नाही.

म्हणून ब्लॉक उलटा-तिरपा टांगून, कॉम्प्रेसरच्या हवेने दाब दिलेल्या छोट्या टाकीतून कोमट तेल गॅलरीत सोडलं. पावणेदोन किलोला टक् टक् करत व्हॉल्व्ह उघडू लागले. तीन किलोला सहाही धारा उभ्या राहिल्या. कलमांवर औषध मारताना आपल्याला फवारा हवा असतो, इथे नेमकं उलटं: काचेच्या कांडीसारखी सरळ, न फुटणारी दोरी हवी. पाच तशा होत्या. दोन नंबरची धार तोंडापासून चार बोटांवर फुटून पिंजारत होती. नळी काढून भिंगाखाली धरली तर तोंडाच्या कडेला धातूची केसाएवढी बर (कापताना राहिलेली कड) उभी होती. घासून काढायचा मोह होतो, पण तोंड घासलं की त्याचा आकार बदलतो. नवी नळी मागवली. नेम चुकलेली नळी पक्कडीने वाकवून सरळ करणं हेही त्यातलंच.

पुढच्या वेळी इंजिन उघडणाऱ्या मिस्त्रीसाठी एक गोष्ट: लायनर ओढताना किंवा रॉड वर ढकलताना या नळ्यांना धक्का लागतो. सहापैकी एकच पिस्टन वारंवार जळत असेल तर त्याची नळी वाकलेली आहे का ते आधी बघावं.

उष्णता गेली कुठे, पुन्हा

धारेने उष्णता नाहीशी केली नाही, फक्त पिस्टनकडून तेलाला दिली. प्रत्येक जेटचं तेल पिस्टनला भेटून १५ अंशांनी तापून खाली पडतं असं धरलं, तर एका पिस्टनमागे पावणेदोन किलोवॅट, सहांचे मिळून दहा. दोन किलोवॅटचे पाच गिझर चेंबरात सोडून दिल्यासारखं. जुना ऑइल कूलर या पाच गिझरांसाठी बनलेला नव्हता. तेल १२० अंशांपुढे चालवत राहिलं तर ते लवकर खराब होतं, पातळ होतं, प्रेशर पडतं, आणि प्रेशर पडलं की धार मरते. म्हणून टर्बोच्या भावंडाचा जास्त पट्ट्यांचा कूलर घेतला. शिवाय मे महिन्यात आपला समुद्रच २८-३० अंशांवर असतो आणि हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनाचा ताप काढणाऱ्या भागाच्या) नळ्यांत शिंपले-शेवाळ बसतं. तो उघडून साफ केला नसता तर मोठ्या कूलरचाही उपयोग नव्हता.

तेलाचा पंपही टर्बोच्या भावंडाचाच, रुंद गिअरचा. पण बसवण्याआधी मला जुन्या पंपावर एकदा बघायचंच होतं. इंजिन स्टँडवर गरम केलं. स्लोला प्रेशर सव्वा किलो, जेटांआधी होतं तेवढंच, कारण व्हॉल्व्ह बंद. १८०० ला पूर्वी साडेतीन असायचं ते अडीचवर आलं. एक किलो सहा नळ्यांनी खाल्लं होतं. रुंद पंपावर ते पुन्हा साडेतीनच्या जवळ आलं.

आणि मग ज्याने सगळं सुरू व्हायला हवं होतं ते शेवटी केलं: बोटीचा पंखा, म्हणजे पाण्याखालचा प्रोपेलर, तपासला. पूर्ण रेस दिली तरी बोटीवर हे इंजिन ठरलेल्या आरपीएमला कधी पोचतच नव्हतं, दोनेकशे कमीच, आणि काळा धूर. टर्बो चढवल्यावर त्याने पंखाही भारी घातला होता. पंखा भारी असला की इंजिन कायम घाटात, खालच्या आरपीएमवर, जास्त डिझेल आणि कमी हवा. जेटने पिस्टन वाचवता येतो, पण हा भार जेट उचलत नाही. पंख्याची पाती कमी भाराची करून घेतली, डिझेल पंपाचं डिझेल टर्बोच्या भावंडाला कंपनी देते तेवढ्यावर आणून सील केलं.

ऑगस्टपासून बोट चालू आहे. ओढताना प्रेशर साडेतीनच्या खाली गेलेलं नाही, ब्रीदरवर हात धरला तर नुसती ऊब लागते. गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, आता पिस्टनाची काळजी नाय. पंप जरासो वाढवया?"

मी त्याला विचारलं की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, हेड आणि टर्बोचं चाक, यांच्या पोटावर तू काय मारणार आहेस. बराच वेळ नुसता समुद्राचा आवाज येत होता. रविवारी देवगडला गेलो होतो तेव्हा इंजिनपाशी उतरून बघितलं. डिझेल पंपाच्या सीलच्या तारेवरचं शिसं अजून तसंच आहे.